दूध वेगळं

माझ्या थोरल्या बहिणीला कॉफी आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण चौदा वर्षं ती कॉफीच्या दुकानात कामाला होती आणि रोज सकाळची पहिली कॉफी तिनेच चाखली. यंत्र तापलं की पहिला कप बेसिनमध्ये ओतून द्यायचा. दुसऱ्यातली चमचाभर जिभेवर घ्यायची. आंबट लागली तर दळण बारीक करायचं, कडू लागली तर जाडं. मग थुंकून चूळ भरायची. घरी आली की चहा. "तिकडे थुंकायचं आणि इकडे प्यायचं. ताई, तुझं सगळंच उलटं," मी म्हणायचे. ती हसायची, पण जरा थांबून. माझी थट्टा आहे की टोमणा हे ठरवायला तिला नेहमी थोडा वेळ लागतो.

दुकान शहराच्या मध्यावर, कचेऱ्यांच्या भागात होतं. एका मोठ्या कंपनीची शाखा. सगळ्या शाखांत त्याच खुर्च्या, तेच दिवे, तीच गाणी. ताई तिथे लागली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. त्याआधी ती एका विमा कचेरीत टाइपिस्ट होती, पण टाइपिस्टची गरज संपली आणि त्यांचा अख्खा विभाग एका दुपारी गेला. तिने लग्न केलं नाही. मी केलं, लवकर केलं आणि आईला तिच्या गळ्यात टाकून मोकळी झाले. ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण खरी आहे. आई गेल्यावर दोन खोल्यांत ताई एकटी राहिली. पहाटेची पाळी तिने मागून घेतली, कारण, ती म्हणाली, सकाळीच घर फार मोठं वाटतं. दोन खोल्यांचं घर! मी तेव्हा हसले होते.

तिच्याबरोबर काम करणारी मुलं-मुली सगळी तिच्या निम्म्या वयाची. वर्ष-सहा महिने टिकायची आणि जायची. ताई राहिली. कपावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं असा कंपनीचा नियम होता, पण रोजच्या माणसाला रोज नाव विचारणं ताईला उर्मटपणा वाटे. एकदा विचारायचं राहून गेलं की मग विचारायची लाज. त्यामुळे तिची सगळी माणसं त्यांच्या कपावरून ओळखली जायची. 'बर्फ कमी', 'जास्त फेस', 'दोन साखर'. रविवारी फोनवर ती मला सांगायची, "'जास्त फेस'ला मुलगी झाली गं." किंवा, "'दोन साखर' आताशा एकच घेतात. डॉक्टरांनी सांगितलं असणार." मी कपाळाला हात लावायचे. माणसांची विचारपूस करते आहे की सामानाची यादी वाचते आहे, कळायचं नाही.

त्यांत एक होते 'दूध वेगळं'. काळी कॉफी, आणि दूध वेगळ्या छोट्या भांड्यात. ते स्वतः थेंब थेंब करून ओतायचे, हवा तो रंग आला की थांबायचे. वय पंचाहत्तरच्या पुढे. दुकान साडेसातला उघडायचं आणि ते साडेसातला दारात असायचे. खिडकीजवळची कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. पूर्वी नकाशे काढायचे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ते जवळपासच कुठेतरी राहायचे. चौदा वर्षांत ताईला एवढीच माहिती मिळाली. माझ्यासारखीने चौदा मिनिटांत त्यांच्या आजोबांपर्यंत मजल मारली असती. पण ताई नाकासमोर चालणारी. "बाई, आज गार आहे," ते म्हणायचे. "हो ना," ही म्हणायची. उठताना ते "भेटू" म्हणायचे, ही "भेटू" म्हणायची. झाला संवाद. तरी एखाद्या दिवशी ते आठपर्यंत आले नाहीत तर ताईचं कामात लक्ष नसायचं. दुसऱ्या दिवशी ते आले की तिचा जीव भांड्यात पडायचा. "काल दिसला नाहीत?" असं विचारण्याइतकी ओळख आहे की नाही, यावर ती दिवसभर विचार करायची आणि विचारायची नाही.

मग कचेऱ्या हलायला लागल्या. काही शहराबाहेर गेल्या, काहींची माणसं घरून काम करू लागली. 'बर्फ कमी' गेला, 'जास्त फेस' गेली. सकाळी नऊला दारापर्यंत रांग लागायची तिथे आता ताई पुसलेली टेबलं पुन्हा पुसायची. एका सोमवारी मॅनेजरने सगळ्यांना आत बोलावलं आणि सांगितलं की येत्या रविवारी शाखा बंद. दारावर कागद शुक्रवारी लागेल. तोवर गिऱ्हाइकांपाशी अवाक्षर काढायचं नाही, कंपनीचा तसा नियम आहे. इतरांनी तो नियम त्याच दिवशी धाब्यावर बसवला असणार. ताईने पाळला. विमा कचेरीतही ती असले सगळे नियम पाळायची. तिथे शेवटी तिला काय मिळालं ते मी सांगितलंच.

मंगळवारी 'दूध वेगळं' उठताना काउंटरपाशी आले. कधी यायचे नाहीत, लांबूनच हात करायचे.

"बाई, आता दहा-बारा दिवस दिसायचा नाही मी. डोळ्यांचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदूचं. दोन्ही उरकून घेतो."

"सोबत कोण आहे?" ताईने विचारलं. चौदा वर्षांतला हा तिचा सर्वांत मोठा प्रश्न.

"टॅक्सी," ते म्हणाले आणि हसले. "तेवढी माझी खुर्ची सांभाळा."

आणि माझी बहीण म्हणाली, "सांभाळते."

शुक्रवारी कागद लागला. रविवारी खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या. त्याच दिवशी संध्याकाळी तिने मला फोन केला आणि दुकानाबद्दल चार वाक्यं बोलून मग ही खुर्चीची गोष्ट सांगितली. मी म्हटलं, "अगं, एवढं काय त्यात? येतील, बंद दिसेल, दुसरीकडे जातील. कॉफीची काय वाण आहे गावात?" ती म्हणाली, "मला माहीत होतं ना गं. तोंडावर खोटं बोलले मी. आंधळ्या माणसाशी."

"आंधळे नाहीत ते. मोतीबिंदू आहे."

"तेच ते."

पत्ता नाही, फोन नाही, नाव नाही. 'दूध वेगळं' म्हणून कुणाकडे चौकशी करणार? कंपनीने तिला दुसरी शाखा देऊ केली होती, विमानतळाजवळची. तिने महिनाभर मागून घेतला. मला सांगितलं, थकले आहे. मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचं असलं की मी ठेवते.

पुढे एका सकाळी मी तिला कसल्याशा कामासाठी फोन केला तर मागून गाड्यांचा आवाज. "कुठे आहेस?" विचारलं तर आधी ताकास तूर लागू देईना. मग म्हणाली, दुकानापाशी. चार दिवस रोज साडेसातला जाऊन नऊपर्यंत उभी राहत होती. बंद दुकानासमोर! मी तिला नाही नाही ते बोलले. एकसष्ट वर्षांची बाई, थंडीत, एका नाव माहीत नसलेल्या म्हाताऱ्यासाठी. लोक काय म्हणतील, गुडघे काय म्हणतील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या बारावा दिवस आहे."

मग मी तिच्याबरोबर गेले. प्रेमाने नाही, हा प्रकार एकदाचा संपवायला. मनात ठरवलं होतं की नऊ वाजले की तिला बखोटीला धरून बसमध्ये बसवायचं.

ते दुकान मी उघडं असताना फक्त दोनदा पाहिलं होतं. आता काचांना आतून कागद चिकटवलेला, वरची पाटी काढलेली, पाटीच्या जागी भिंतीचा रंग जरा उजळ. ताई दारापासून दोन पावलांवर उभी राहिली, गळ्याशी शाल घट्ट धरून. मी कुरकुरत होते. आठला दहा कमी असताना ती एकदम म्हणाली, "आले."

उंच, वाकलेले, काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ हळूहळू आले, दारासमोर थांबले, कागदाला नाक लागेल इतके जवळ गेले. मग वळून आमच्याकडे पाहिलं. ताईकडेच पाहिलं.

"अहो बाई," ते म्हणाले, "इथे काम करायच्या त्या बाई कुठे गेल्या, काही कल्पना आहे का तुम्हाला?"

मी मध्ये बोलणार होते, माझ्या जिभेला कुठे हाड आहे? पण तेवढ्यात ती म्हणाली, "मीच ती."

त्यांनी चष्मा काढला. डोळे बारीक करून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि अगदी सभ्यपणे मान हलवली. "नाही हो. त्या उंच होत्या. आणि वयानेही तुमच्याहून बऱ्याच लहान."

मला हसू फुटलं, आवरेना. ताईने मला नंतर सांगितलं की काउंटरमागची जमीन वीतभर उंच होती, खालून नळ गेले होते म्हणून. आणि केस टोपीत असायचे. राहिलं वय, ते मोतीबिंदूने झाकलं होतं. चौदा वर्षं त्यांनी तिला धुक्यातून पाहिलं होतं, आणि नवे डोळे मिळाल्यावर ही समोर आली, पांढरे केस, शाल, लाल नाक.

पण ताई हसली नाही. "तुम्ही खुर्ची सांभाळायला सांगितलीत," ती म्हणाली. "मी हो म्हटलं. तेव्हा मला माहीत होतं दुकान बंद होणार ते. सांगायला बंदी होती, पण मी सांगायला हवं होतं. माझं चुकलं." एका दमात. एवढं बोलताना मी तिला आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आवाजावरून ओळखलं त्यांनी. चेहरा हळूहळू बदलला. "अरे," ते म्हणाले, "तुम्ही होय!" मग दाराकडे वळले. "मी परवा आणि काल दुपारी येऊन गेलो. सकाळी औषधं घालावी लागतात डोळ्यांत. मला वाटलं मीच रस्ता चुकलो. नवीन डोळे आहेत, म्हटलं, सगळंच वेगळं दिसतंय, दुकानही दिसेनासं झालं असेल." हे ते थट्टेने म्हणाले, पण त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता आणि तो त्यांनी काढला नाही.

"रागावलात?" ताईने विचारलं.

"छे. घाबरलो होतो," ते म्हणाले. "आता बरं वाटलं."

त्यांना नऊला डोळे तपासायला जायचं होतं. माझी बसही समोरून येताना दिसत होती, आणि मी ताईची बाही ओढायला लागले होते. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला वाटलं, झालं, सुटलो. त्यांनी चष्मा घातला.

"बरं बाई. भेटू."

"भेटू," ताई म्हणाली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी बोलतच होते. आज दुपारी माझ्याकडेच जेव, विमानतळाची शाखा उद्यापासून धर, आणि बघ, त्यांनी तुला माफही केलं. ताई बाहेर बघत होती. दोन थांबे गेले.

"भेटू म्हणाले," ती म्हणाली.

"हो, ऐकलं की मी."

"कुठे?"

चौदा वर्षं दोघांनी रोज तो शब्द वापरला होता आणि एकदाही जागा सांगावी लागली नव्हती. ती उठली. घंटेचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"मी येऊ का?" मी विचारलं. बसल्या जागेवरून विचारलं. घरी दहाला नळ दुरुस्त करणारा यायचा होता आणि नवऱ्याला त्यातलं काही कळत नाही.

"नको. तू जा. तुझं घर आहे," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणे मारता येत नाहीत तिला.

बस थांबली आणि ती उतरली. खिडकीतून मी तिला उलट दिशेने पळताना पाहिलं, एका हातात शाल, गुडघे दुखत असताना. मग बस वळली.

संध्याकाळी फोन केला. "सापडले?"

"नाही."

"तपासणीच्या दवाखान्यात?"

"तिथे तीन दवाखाने आहेत. नाव विचारतात."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"उद्या सकाळी बघते दुकानापाशी," ती म्हणाली.

उद्यापासून त्या फुटपाथवर पत्रे लागणार होते आणि माणसांना पलीकडच्या रस्त्याने जावं लागणार होतं. दाराशेजारी तशी पाटी होती, मी वाचली होती. पाच दिवस ताई त्याच पाटीसमोर उभी होती, म्हणजे तिनेही वाचली असणारच.

"शाल घे," मी म्हटलं.