चिंचेपर्यंत चालून दाखव

आमच्या डॉक्टरांचा रोग्याच्या सांगण्यावर विश्वास नव्हता. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पुढे आमचं गाव आणि दवाखान्यासमोरच तलाव. दम, थकवा असं कोणी सांगू लागलं की ते मध्येच थांबवत. “मले तोंडानं नोको सांगू. चालून दाखव.” मग तो माणूस तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, चिंचेपर्यंत जाऊन येई आणि डॉक्टर ओसरीतून बघत. कोणाच्या आजाला दमा होता, कोणती सून उपाशी राबते, हे त्यांना आधीच ठाऊक असे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी ताप होता आणि जो तो “काही नाही” म्हणत होता. गोंदियाला नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती. डॉक्टरांनी खुर्चीच पारीवर मांडली आणि एकेक घर चालायला बोलावलं. धाप लागे त्याला स्वतःच्या गाडीतून गोंदियाला पोचवत. बाकीच्यांना घरीच ठेवून, काय पाहायचं ते घरच्यांना शिकवत. माझी बायको ठणठणीत आहे म्हणत गेली आणि चिंचेच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. त्याच दिवशी तिला हलवलं, म्हणून ती आज आहे.

मी तेव्हा सरपंच. कोणी आत-बाहेर जाऊ नये म्हणून वेशीवर बांबू मीच आडवा लावला होता. आणि उन्हाळी धानाला इटियाडोह धरणाचं पाणी मागायला जातो असं सांगून, शेजारच्या गावात मित्राकडच्या लग्नात जेवून आलो होतो तोही मीच. आजार तिथून आमच्या घरात आला. गाव मात्र म्हणू लागलं, डॉक्टर घरोघर फिरतो, त्यानंच आणला.

मी डॉक्टरांना खरं सांगितलं. गावालाही सांगतो म्हणालो. ते म्हणाले, “आता नोको. तुझा शब्द गेला तर बांबू कोण पाळते? लोक देतेत मले शिव्या, तं देऊ दे. तू फक्त लोकांले चालाले पाठवत राहा.” शिव्या देणारेही पारीवर आले. त्यांचाही दम ते बघत राहिले.

लाट ओसरली, बांबू निघाला. तेव्हा बोलायला हवं होतं. डॉक्टर नागपूरला मुलीकडे गेले आणि गेल्या महिन्यात तिथेच वारले. गावात दुखवट्याला जमलो तेव्हा एक जण म्हणाला, “माणूस चांगला होता, पन कोरोना त्यानंच आणला.” माना हलल्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं निवडायची भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “मले कायले सांगून राहिले? ग्रामसभेत सांगा.”

ग्रामसभा उद्या आहे, तलावापलीकडच्या शाळेत. रस्त्याने गाडी जाते. पण मी पारीवरून चालत जाणार आहे.