आपांचा पाहुणा

आपा, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताई, पाहुण्याला कधीही नाव विचारत नसत. भिवंडीतल्या त्यांच्या घरी माणसांचा राबता असे. कापडाचे व्यापारी, दिघाशी गावाकडचे ओळखीपाळखीचे, कुणीही. खाली वडिलांचा लूमचा कारखाना खडखडत असे आणि वर येईल त्याला आधी पाणी, मग जेवण. नाव विचारणं म्हणजे त्या घरात उद्धटपणा. "कोणाच्या शेजारी बसतो, किती अंतर ठेवून बसतो, ते बघायचं. कळतं आपोआप," असं आपा म्हणत.

प्रयोगशाळेतही त्यांचं हेच चाले. आम्ही दोघी भिवंडीहून एकाच एसटीने निघायचो. त्या ज्येष्ठ संशोधक, मी नव्वदच्या सुमाराची त्यांची विद्यार्थिनी. प्रथिनांचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि मिळालेल्या नकाशावरून कुठला अणू कुठे आहे ते शोधायचं, हे आमचं काम. प्रथिनात धातू अडकलेला असला की नकाशात तिथे ठसठशीत ढेकूळ दिसतं, पण त्यावर नाव काही लिहिलेलं नसतं. मी घाईने धातूचं नाव लिहिलं की आपा ते खोडून वर 'पाहुणा' लिहीत. मग शेजारी मोजायचे. मॅग्नेशियम ऑक्सिजनच्या सहा अणूंना अगदी जवळ घेऊन बसतं. कॅल्शियमचा कारभार ऐसपैस, अंतर जास्त आणि गोतावळाही बहुधा मोठा. मांडीवर कागद पसरून हे शिकवताना कंडक्टरच्या हाका त्यांना ऐकूच येत नसत.

एकदा सरावासाठी म्हणून मी आपांचीच जुनी, छापून आलेली रचना घेतली. तिच्यात मॅग्नेशियम लिहिलं होतं. मोजलं तर शेजारी सात, आणि सगळे लांब. मॅग्नेशियम बसवूनही नकाशात त्या जागी बरंच काही उरत होतं, तिथला अणू त्याहून जड होता. म्हणजे ते कॅल्शियम होतं. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला, कारण आपांची प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि त्याच रचनेवर त्यांचं नाव झालं होतं.

शेवटी धीर करून एसटीत कागद त्यांच्या हातात दिला. राहनाळ मागे पडलं, कशेळीचा पूल आला, त्या कागदावरची अंतरं पुन्हा तपासत होत्या. मग हसल्या. "स्फटिक वाढवायच्या पाण्यात मॅग्नेशियम मीच घातलेलं ना बाय. दावत मी दिली, म्हणून तेच आलं असं धरून चालले."

दुरुस्ती मुलाखतीनंतर पाठवा, असं विभागप्रमुखांनी परोपरीने समजावलं. आपांनी ती आधीच पाठवली, वर माझंही नाव घालून. पद दुसऱ्याला मिळालं. त्यावर आपा कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास झाला. पुढे मी परगावी नोकरीला गेले. आपल्यामुळे आपांचं पद हुकलं, ही बोच तिकडेही सुटली नाही.

आपा गेल्या तेव्हा मी भिवंडीला गेले. त्यांच्या भाभी आता थकल्या होत्या, चेहरे नीट दिसत नव्हते. त्यांनी पाणी दिलं. मी आपांच्या खुर्चीला लागूनच बसले.

भाभी म्हणाल्या, "तिच्या खुर्चीला एवढी चिकटून बसलीस, म्हणजे तूच ती. चूक पकडणारी."

भाभी पुढे सांगू लागल्या.

"अगो, येईल त्या पाव्हण्याला सांगायची. माझी चूक माझ्याच पोरीने पकडली म्हणून. किती खूश असायची सांगताना."

मला रडू आवरेना. भाभींनी चाचपडत माझा हात धरला आणि जेवायला थांबवून घेतलं. नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.