मोटारीचा गोल

मोटार घेतल्यापासून आमच्या वडिलांना पायी चालणं कमीपणाचं वाटू लागलं होतं. ते नाशकात वकिली करत. एकोणीसशे तिसाच्या पुढच्या त्या वर्षांत शहरात मोटारी मोजक्याच होत्या. त्या बाळगणाऱ्यांनी देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हाताशी धरून ओझरच्या वाटेवरच्या माळावर शर्यतीचा रस्ता केला. मुरूम पसरला, जवळच्या गावाच्या बैलांनी दगडी रूळ ओढला. गावकरी त्या रस्त्याला मोटारीचा गोल म्हणत. आज तिथे काही नाही. असं काही होतं, हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

पहिल्याच शर्यतीला वडिलांनी आईला आणि मला नेलं. मी अकरा-बारा वर्षांची असेन. साहेबांच्या क्लबात शिरायचं, एवढा एकच ध्यास त्यांना लागला होता. घरात दुसरा विषय नव्हता. ‘उद्या बघाच,’ असं आळीभर सांगून झालं होतं.

दुसऱ्याच फेरीत आमच्या मोटारीने वाफा सोडल्या आणि ती पार पलीकडच्या टोकाला जी बसली ती बसलीच. बाकीच्या पोचल्या, टाळ्या झाल्या. वडील तिकडे उन्हात एकटेच बॉनेट उघडून उभे.

आता त्या गावाचा एक रिवाज होता. भैरोबाच्या यात्रेत त्यांच्या बैलगाड्या पळत. एकदा सुटलेली गाडी वाटेत टाकायची नाही. चाक मोडलं तरी सगळ्यांनी मिळून ती निशाणापर्यंत आणायची. आणि गुलाल आधी लावायचा तो सगळ्यात मागे राहिलेल्याला; तो लागेपर्यंत शर्यत संपली असं धरायचं नाही. जिंकलेल्याला देव पावलेलाच असतो, असं त्यांचं म्हणणं. माळाला लागून ज्याचं शेत होतं, त्या म्हाताऱ्याने आपली बैलजोडी आणली, मोटारीला दोर बांधला, वडिलांना स्टिअरिंगवर बसवलं आणि डफ वाजवत त्यांची मोटार निशाणापाशी आणली. साहेबलोक हसून हसून खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. पाहुणे खूश झाले, असं गावकऱ्यांना वाटलं. तेही हसले.

म्हाताऱ्याने गुलालाचं ताट आणून वडिलांच्या कपाळाकडे बोट नेलं. वडिलांनी ताट उडवून दिलं.

“गाढवांनो, धिंड काढता माझी?”

डफ थांबला. म्हाताऱ्याने हात जोडले. “चुकलं, वकीलसाहेब. आमच्यात असंच हाय.” मग तो खाली बसला आणि देवाचा गुलाल पायदळी येऊ नये म्हणून मातीसकट उपरण्यात भरू लागला. मोटार बंद पडली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आपले वडील ते हेच, हे त्या गर्दीत कुणाला कळू नये, असं वाटत होतं.

क्लबाचं बोलावणं काही आलं नाही. पावसाळ्यात मुरूम वाहून गेला, हौशी अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, शर्यती बंद पडल्या. पुढे तिथे गहू पेरला, पण रुळाखाली दबलेल्या जमिनीत तो खुरटाच आला. आग्रा रोडवरून जाताना शेतातला तो पिवळा गोल दिसे. वडील तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत.

पुढच्या यात्रेच्या आधी म्हातारा अक्षता घेऊन आमच्या दारात आला. वडिलांनी त्याला खिडकीतून पाहिलं आणि ‘नाही म्हणून सांग,’ असं आईला बजावून ते आतल्या खोलीत गेले.

“घरी नाहीत,” आई म्हणाली. तेवढ्यात आतून त्यांचा खोकला ऐकू आला.

म्हाताऱ्याने तो ऐकला. त्याने उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि आतल्या दाराकडे तोंड करून तो जरा मोठ्याने म्हणाला, “आले की सांगा, बाई. साहेबांचा गुलाल देवापाशी ठेवलाय. त्यो लावल्याबिगर आम्हाला यंदा गाड्या सोडता यायच्या नाय.”

वडील गेले नाहीत. आईने एकदा विषय काढला, तर त्यांनी ताटावरून उठायची धमकी दिली.

यात्रेनंतर त्या बाजूचा दूधवाला आला, तेव्हा आईने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“बैल सजवून निशाणापाशी उभे केले होते,” तो म्हणाला. “दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडं बघितलं. मग न पळवताच सोडले आन् घरी नेले.”

आईने दुधाचं भांडं पुढे धरलं. तिने मान वर केली नाही.