मामाचा उचललेला पाय

सात वर्षं मी पडद्याआड बसून दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटलो. मूलकडच्या आमच्या गावांत धान निघालं की नाटकं सुरू होतात, आणि मी कायमचा प्रॉम्प्टर. एका साली खलनायकाला ऐन वेळी कावीळ झाली. त्याची वाक्यं पाठ असलेला माणूस मी एकटाच. शिवाय वडशाचा एक नाटक कंपनीवाला खेळ बघायला येणार होता. शेवटच्या अंकात नीट मेलो असतो, तर कंपनीत जागा पक्की होती.

अडचण एकच. नायक माझा सख्खा मामा.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्याला चुकून पाय लागला तरी त्याला पाप वाटतं. आणि नाटक संपायचं ते नायकाने खलनायकाच्या छातीत लाथ घातल्यावर. मी दुपारभर मामापुढे डोकं फोडलं.

"मामा, तिथी मी भासा नाई. लाकडाचा ठेकेदार आहो."

"समजते ना मले!"

डोंबल समजत होतं.

शेवटचा अंक येईतो फटफटलं होतं. मी नायकाच्या बहिणीला फरफटत आणलं, तशा बायका मला शिव्या घालू लागल्या. इतकं सुख मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मामाने डरकाळी फोडली, माझ्या हातातली कुऱ्हाड हिसकली, मला आडवं पाडलं आणि पाय उचलला.  पाय वरच राहिला.

"मार ना मामा," मी दात न उघडता म्हणालो. वर माईक लटकत होता. अख्ख्या गावाने ऐकलं.

पाय खाली आला तो जमिनीवर. मग नायकाने ठेकेदाराच्या दोन्ही पायांवर डोकं टेकलं. "चुकलो बापा."

टाळ्यांचा कडकडाट! मला शिव्या घालणाऱ्या बायकाच पदराने डोळे पुसत होत्या. खाली बसलेली माझी आईसुद्धा. मी मात्र मेलोच नव्हतो. उठावं की पडून राहावं, काही सुचेना.

"नाटक पाडलं तू," घरी मी ओरडलो.

"पडू दे. नाटक पुढच्या साली बी होईल. तुले पाय लावला असता त तुया आईच्या हातची भाकर कोन्त्या तोंडानं खाल्ली असती?"



तरी बायकांच्या शिव्यांवर खूश होऊन कंपनीवाल्याने मला घेतलं, अट एकच: मामा नको. तेव्हापासून दर हंगामात परके नायक मला लाथा घालतात, आणि मामा जमेल त्या गावी पहिल्या रांगेत हजर. पाय उचलला गेला की हा उभा राहतो. "ए! हळू मार. भासा होय माहा!" लोक हसतात, नायक गडबडतो, माझ्या मरणाचा विचका होतो. हात जोडले, रागावलो, गावाचं नाव खोटं सांगून पाहिलं. तरी येतोच.

गेल्या हंगामात अहेरीला खेळ होता. मामाचे गुडघे धरले होते, म्हणून तो आला नाही. लाथ बसली. कुणीच ओरडलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी वेळेवर, नीट मेलो.

पडदा पडला तरी मला उठवेना. न येऊनही त्या माणसाने माझा खेळ बिघडवलाच.