बोटाएवढा गंज

"पाणी नको! अगं, पाणी नको म्हणतोय ना! बंदूक आहे ती, बाळकृष्ण नाही आंघोळ घालायला!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडले की नारायण पेठेतली कबुतरं उडून नदीपलीकडे डेक्कनवर जाऊन बसत आणि आवाज ओसरला की परत येत. यात अतिशयोक्ती अजिबात नाही. करायचीच असती तर मी कबुतरं लोणावळ्यापर्यंत पाठवली असती.

त्या दिवशी खंडेनवमी होती. देवघरासमोर पाट मांडून आईने त्यावर घरातली समस्त शस्त्रं ठेवली होती. विळी, अडकित्ता, अण्णांचा स्कूटरचा पाना, आणि मधोमध आजोबांची दुनळी बंदूक. शिलाई मशीन पाटावर मावेना म्हणून शेजारी बसवलं होतं, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.

"निदान फूल तरी झटकून घाल."

"देवाला कोणी झटकून फुलं वाहतं का?"

"तो देव नाहीये. पोलाद आहे. पोलादाला ओल चालत नाही."

"तुम्हाला तरी काय चालतं हो?" असं म्हणून आईने झेंडूचं फूल मुद्दाम तांब्यात बुडवलं, नळीवर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी अनामिकेने ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. चांगलं दाबून.

हा तंटा आमच्याकडे दर वर्षी व्हायचा. आई पाटावरून उठली की तिची पाठ पुरती वळायच्या आत अण्णा जुन्या धोतराचं फडकं घेऊन नळीवर तुटून पडत. आई स्वयंपाकघरातून विचारी, "पुसलंत का?" अण्णा पुसता पुसता म्हणत, "छे!" दोघांनाही खरं ठाऊक होतं. या एका खोट्यावर त्यांचा संसार फार सुखाचा झाला.

आता बंदुकीचं सांगते, नाहीतर तुम्ही आम्हाला सरदार घराण्यातले समजाल. आम्ही साधे कारकुनाच्या घरातले. आजोबा जंगलखात्यात होते, तेव्हा कुणा साहेबाने विलायतेला जाताना ती त्यांना दिली. त्या बंदुकीने आजोबांनी वाघ मारला, असं घरात सांगत. वाघ दर वर्षी वीतभर वाढायचा. मी लग्न होऊन कोथरूडला गेले तोवर तो शनिवारवाड्याच्या दरवाजातून आत जाण्यापलीकडे गेला होता. अण्णांनी मात्र तिच्यातून आयुष्यात एक काडतूस उडवलं नाही. त्यांचं वैर वाघाशी नव्हतंच, गंजाशी होतं. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा बंदूक घरातल्या चिखलात पडून राहिली होती आणि पुढे महिनाभर आजोबांनी आईवेगळ्या लहानग्या अण्णांना समोर बसवून ती घासून घेतली होती. तेव्हापासून ओल हा शब्द उच्चारला तरी अण्णांच्या कपाळाची शीर उडे. पावसाळ्यात आमच्याकडे कोणी आलं की आधी छत्री जिन्यात ठेवायची, मग चपला, मग थोडा वेळ स्वतः उभं राहायचं, आणि टपकणं थांबलं की आत. माझी एक आतेबहीण त्या जिन्यात उभी राहून वाळता वाळता बारावीचा अख्खा धडा पाठ करून गेली, असं आम्ही म्हणतो.

निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं चौकीत जमा करावी लागतात. ती परत आणल्यावर अण्णा बंदुकीला असं न्याहाळत, जणू मुलगी सासरहून आली आहे आणि वाळली आहे का ते बघायचंय.

तर त्या खंडेनवमीला आई पाटावरून उठली. अण्णांनी फडकं उचललं. आणि आई म्हणाली, "अहो, मला जरा गरगरतंय."

फडकं अण्णांच्या हातातच राहिलं. रिक्षात होतं, दवाखान्यात होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन मान खाली घालून उभे राहिले तेव्हाही होतं. मी ते त्यांच्या मुठीतून सोडवून घेतलं. त्याला मशीनच्या तेलाचा वास येत होता.

घरात सुतक. सुतकात देवघराला हात लावायचा नाही, पूजेतलं काही हलवायचं नाही, हे आमच्याकडे कडक. त्यामुळे विळी, अडकित्ता, पाना आणि बंदूक पाटावर तशीच राहिली. सांत्वनाला आलेली माणसं सतरंजीवर बसत, समोर दुनळी बंदूक बघत आणि लवकर उठत. एका काकांनी तर "काळजी घ्या" म्हणताना आधी बंदुकीकडे बघितलं, मग अण्णांकडे. अण्णा म्हणाले, "भरलेली नाहीये. बसा." ते बसले नाहीत.

तेरावं झाल्यावर अण्णांनी सुकलेलं फूल उचललं. फुलाखाली तांबूस डाग पडला होता, पसरट, कसलाही आकार नसलेला. तो त्यांनी घासून काढला. शेजारी कुंकू होतं. कुंकू झटकलं तर खाली गंज. लांबट, वरून निमुळता, हुबेहूब बोटाच्या टोकाएवढा. डोळ्यांजवळ नेलं तर त्यात बारीक रेघाही दिसायच्या. रेघांचं मी वाढवून सांगते आहे असं माझा भाऊ म्हणतो. त्याने तो डाग पाहिलेला नाही.

"अण्णा, इथे राहिलाय."

"काय राहिलंय?"

"गंज."

"तो गंज नाहीये," अण्णा म्हणाले, आणि बंदूक कपाटात ठेवून दिली.

आईच्या साड्या मावश्यांनी नेल्या. तिच्या आवाजाची कॅसेट नव्हती. फोटो होते, पण सगळे दुसऱ्यांच्या लग्नातले, आणि सगळ्यांत ती कुणाला तरी "सरका" म्हणत असल्यासारखी दिसते. तिने स्वतःच्या हाताने ठेवलेली अशी एकच खूण घरात उरली होती, आणि ती नेमकी अण्णांनी जन्मभर ज्याच्याशी भांडण मांडलं त्याची होती. रोज सकाळी ते कपाट उघडून बघत. डाग वाढला का, हेही बघत, आणि गेला तर नाही ना, हेही.

वर्षभराने भावाने अमेरिकेहून हट्ट धरला की अण्णांनी तिकडे येऊन राहावं. त्या काळी पुण्यात ज्या घरातलं कोणी अमेरिकेत नसेल त्या घराला पाणी कमी दाबाने येत असे. अण्णा नाही नाही म्हणता तयार झाले. पण बंद घरात बंदूक ठेवता येत नाही, परवाना असलेल्या दुकानदाराकडे सोपवावी लागते. म्हणजे सहा महिने, मधे अख्खा पावसाळा, आणि बंदूक परक्याच्या हाती.

तयारी त्यांनी अशी केली की तेवढ्यात मी दोन मुलींची लग्नं लावली असती. हाताचा घाम लोखंडाला खातो म्हणून माझे शाळेतले पांढरे पायमोजे हातांत चढवले. त्या अवतारात ते बोहारणीनेही नाकारलेल्या अस्वलासारखे दिसत होते. काडतूस नाही याची खात्री केली, नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या, लाकडी गजाला फडकं गुंडाळून नळ्या आतून पुसल्या. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसल्या. मग आईच्या मशीनची लांब चोचीची तेलाची बाटली, मग ग्रीस. मी जवळ गेले तर "श्वास तिकडे सोड!" म्हणून ओरडले.

माझं कामही ठरलेलं होतं. हिंजवडीला आमच्या कंपनीत नवे संगणक आले की खोक्यांत ओल शोषणाऱ्या बारक्या पुड्या निघायच्या, खाऊ नये असं लिहिलेल्या. त्या मी गोळा करून कंपनीच्या बसमधून आणत होते. माझ्या टेबलापाशी लोक पुड्यांचा नैवेद्य ठेवून जात. पर्सभर पुड्या अण्णांसमोर ओतल्या तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या आयटीचा देशाला झालेला पहिला उपयोग."

शेवटी डाग उरला. त्याच्या चारही बाजूंनी त्यांनी काडीला कापूस गुंडाळून तेल लावलं, हळूहळू, जखमेच्या कडेने लावतात तसं. डागावर ग्रीस लावलं नाही, कारण ग्रीसमधून तो दिसला नसता. व्हॅसलिनचा पातळ थर दिला. तेवढ्यापुरता त्यांनी उजव्या हातातला पायमोजा काढला होता.

दुकान कँपात होतं. दुकानदार वयस्कर, अदबीचा माणूस. अण्णांनी त्याला उभ्याउभ्या व्याख्यान दिलं.

"चामड्याच्या खोळीत ठेवायची नाही. चामडं ओल पितं."

"नाही ठेवणार, साहेब."

"तोंडाला बूच मारायचं नाही. आतल्या आत दमट होते."

"बरोबर."

"दर महिन्याला काढून बघायची. आणि हे पाहा, मी परत येईन तेव्हा गंजाचा एक ठिपका दिसला तरी चालणार नाही. एक ठिपका!"

सवयीने बोलून गेले. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. नजर नळीवर गेली.

"आणि ते…"

"बोला ना, साहेब."

मी म्हटलं, "अहो, त्या नळीवर जो डाग आहे ना, तो…"

"तू गप्प बस," अण्णा म्हणाले. कान लाल झाले होते. बायकोचं बोट आहे हे परक्या माणसाला, भर दुकानात, कसं सांगायचं? आईचा हात त्यांनी चारचौघांत लग्नातच काय तो धरला होता, तोही भटजींनी सांगितलं म्हणून. "काही नाही. सांभाळा," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

अमेरिकेहून दर रविवारी फोन यायचा. नातवाचं सांगत, तिथल्या रस्त्यांचं सांगत, आणि शेवटी म्हणत, "इथली हवा कोरडी आहे. मानवली असती." कुणाला, ते सांगावं लागत नसे. भाऊ म्हणाला, अण्णा, आता इथेच राहा. अण्णा म्हणाले, "बंदूक आहे तिकडे." तिकडे सगळे खूप हसले म्हणे. मी इकडे फोनचा रिसीव्हर धरून बसले होते. मला हसू आलं नाही. एरवी मला कशाचंही येतं.

परत आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी, बॅगांची कुलपंही न काढता, "चल कँपात" म्हणाले.

दुकानदाराने बंदूक बाहेर आणली ती नवऱ्या मुलाला बोहल्यावर आणावं तशी. नळी निळसर काळी, आरशासारखी लखलखत होती.

"अगदी तुम्ही सांगितलं तसं, साहेब. दर महिन्याला बघितली. एकच डाग होता नळीवर, जुना, खोल बसलेला. माझ्या कारागिराने दोन दिवस खपून काढला आणि वरून नवा रंग चढवला. आता कुठे होता ते तुम्हीच ओळखून दाखवा!"

अण्णांनी उघड्या हाताने नळी धरली. पायमोजा नाही, फडकं नाही. अंगठा एका जागी गेला, थांबला, थोडा पुढे गेला, परत मागे आला. मी कबुतरं उडायची वाट बघत होते. समोरच्या इमारतीवर भरपूर बसली होती.

"छान केलंत," अण्णा म्हणाले.

"तुमच्यासारखं जपणारं आता कोणी राहिलं नाही, साहेब."

"हो."

परतीच्या रिक्षात बंदूक आमच्या दोघांच्या मधे आडवी होती. मी त्या दुकानदाराचा, त्याच्या कारागिराचा, रंगाचा, कँपाचा, सगळ्यांचा उद्धार केला. लकडी पूल येईपर्यंत मी त्या दुकानाला आग लावून, राख नदीत सोडून मोकळी झाले होते. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. अण्णा बाहेर बघत होते. नळीवर त्यांच्या हाताचा घाम उमटला होता, आणि तो पुसायला त्यांनी खिशातलं फडकं काढलं नव्हतं.

"पण अण्णा, तुम्ही त्याला सांगितलं का नाही? जाताना एक शब्द सांगितला असता तर…"

रिक्षा पेठेत वळली. आमचा जिना दिसायला लागला.

"काय सांगायचं?" अण्णा म्हणाले. "गंजच होता तो."