डोलकाठीखालचं नाणं

माझी नणंद झिल्फा थॉर्नडाइक सार्डिनच्या कारखान्यात मासे कापायची. कात्री बोटांना लागते म्हणून तिथल्या सगळ्या बायका बोटांना पट्ट्या बांधत. रविवारी झिल्फा त्या पट्ट्या सोडायची, हात दोनदा धुवायची आणि जुनी चांदीची नाणी काढून बसायची. आमचा देश नवा होता तेव्हाची नाणी. पुढं केस बांधलेली बाई, मागं किडकिडीत गरुड. नाणं फक्त कडेनं धरायचं, त्यावर श्वासही सोडायचा नाही. लग्न तिनं केलं नाही. "घरात एवढ्या बायका आहेत, नवऱ्याला कुठं बसवू?" असं म्हणायची.

तिच्या मखमली पेटीत एकच खण रिकामा होता. सतराशे शहाण्णवच्या अर्ध्या डॉलरचा. आमच्या मेन राज्यात तो कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

माझा नवरा अमासा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, 'ओरिंडा' या शिडाच्या जहाजाचा कप्तान. खाणीतला ग्रॅनाइट बोस्टनला पोचवायचा. त्या उन्हाळ्यात जहाजाची मोठी डोलकाठी कुजली. आमच्याकडे डोलकाठी रोवताना तिच्या बुडाखाली, खोबणीत, चांदीचं नाणं ठेवतात. काठी बदलली तरी नाणं तेच राहतं, जहाज मोडलं तर नव्या जहाजात जातं. गोदीतला म्हातारा सुतार हॉलिस यानं डांबरानं काळं झालेलं ते नाणं काढलं आणि नवी काठी तयार होईपर्यंत झिल्फाकडे सांभाळायला दिलं. तिनं वेळेवर नाणं परत केलं. हॉलिसनं खोबणीत ठेवलं, टोपी काढली, वरून काठी उतरली. अमासा निघाला.

नोव्हेंबरात एका दुपारी झिल्फा माझ्या स्वयंपाकघरात आली. तळहातावर रुमाल, रुमालात नाणं.

"हे ओलं होतंय, मर्सी."

मी बोट लावलं. ओलं होतं. बोट जिभेला लावलं तर खारट.

"मग पुस की."

"जुनं नाणं पुसलं की गेलं. किती वेळा सांगितलंय तुला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सतराशे शहाण्णव आहे."

चुलीवर वाल शिजत होते. मी ते आधी बाजूला काढले.

"आणि काठीखाली काय आहे?"

"अर्धा डॉलरच आहे. चाळीस वर्षांनंतरचा. मीच डांबर फासलं त्याला. म्हटलं, काठीला काय सन वाचता येतो?"

"तुझा भाऊ आहे त्या काठीखाली."

"म्हणून तर आले. जहाज बंदरात असलं की हे कोरडं असतं. आज टपटप गळतंय."

बाहेर वारा वाढला होता. ओरिंडावर वायरलेस नव्हता, निरोप पाठवायला माणूस नव्हता. झिल्फा खुर्चीवर बसून बूट सोडायला लागली. मग मोजे काढले.

"काय करतेस?"

"नाणं आहे, पण त्याच्यावर वजन नाही. काठी नाही तर नाही, मी तर आहे."

तिनं नाणं फरशीवर ठेवलं. चेहरा वर. क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि टाच त्या चेहऱ्यावर ठेवून दुसरा पाय उचलला. आयुष्यभर कडेनं नाणी धरणारी बाई. मला तो आवाज अजून आठवतो, चांदी दगडावर घासल्याचा.

थोड्या वेळानं ती झुलायला लागली. खिडक्या बंद होत्या, दिव्याची ज्योत सरळ होती, आणि ती अशी कलत होती की माणूस पडलाच पाहिजे. पडत नव्हती. तिच्या पाठीतून लाकूड करकरावं तसा आवाज आला.

"धर मला," ती म्हणाली. "दोर तुटलाय."

मी तिला कमरेत मिठी मारली. तिचं अंग समुद्रासारखं गार होतं. मला ती उचलून नेईल असं वाटलं. मी तिच्या कानात तिला शिव्या देत होते, चोरटी, हावरट, आणि सोडत नव्हते. संध्याकाळी तिचा देह एकदम जड झाला, सरळ झाला. फरशीवर पाणी साचलं होतं.

अमासा परत आला तेव्हा त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तो आपणहूनच बोलला. वादळात काठीला ताणून धरणारा डाव्या बाजूचा दोर तुटला, काठी खोबणीतून उचलली गेली, आता जाणार असं सगळ्यांनी पाहिलं. "मग खाली बसली. कुणीतरी वरून दाबावी तशी."

झिल्फानं त्याला पाव वाढला. जेवतानाच तिनं सगळं सांगून टाकलं. अमासानं हातातला पाव संपवला. मग म्हणाला, "बटाटे दे."

वसंतात हॉलिसनं नाणं बदलायला काठी उचलली. खालचं नाणं कोरं निघालं. डांबर खरवडल्यावर त्यावर ओरखडासुद्धा नव्हता, जणू वर कधी काही उभंच नव्हतं. झिल्फानं आपलं नाणं पुढं केलं. हॉलिसनं ते उजेडात धरलं. बाई गेली होती, सन गेला होता, नुसती गुळगुळीत चकती.

"कोण उभं होतं यावर?"

"मी," झिल्फा म्हणाली. "ठेव आता."

त्यानं टोपी काढली. काठी उतरली. तिच्या पेटीतला खण तसाच रिकामा राहिला आणि नंतर तिनं एकही नाणं घेतलं नाही. कारखान्यात मात्र कात्री चालवता चालवता ती मधूनच एका बाजूला कलायची. बायका हसायच्या. मीही आता तिच्या शेजारी मासे कापायची, पण मी हसत नसे. मी आधी खिडकीबाहेर बघायची, आणि थोड्या वेळानं खरंच त्याच बाजूला वारा वाहायला लागायचा.