पुतळीच्या डब्यातली गोळी

चिंचणीच्या किनाऱ्यावर पुतळीची वलांडी सगळ्यांत टोकाला आहे. बांबू रोवून दोर ताणलेले आणि त्या दोरांवर बोंबील. जबड्यात जबडा अडकवून ती ते जोडीजोडीने टांगते, वाऱ्याची दिशा बघत पुढे सरकते. मी तिचा शेजारी. पुतळीला बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

तिचा नवरा गणू होडीवर तांडेल. सुकाणू त्याच्या हातात. त्याला फिट येऊ लागली तेव्हा डहाणूच्या दवाखान्यात दक्षा मॅडमनी रोजची एक गोळी सुरू केली. त्याच्या हिरड्या सुजल्या, जाळं विणता विणता तो पेंगू लागला, पण फिट थांबली. गोळी आणि ताडी एकत्र नको, असंही मॅडमनी बजावलं होतं.

पुतळीने गोळीची जागा ठरवली ती होडीच्या डब्यात. भाकरी, सुकटीची चटणी आणि कागदात गुंडाळलेली गोळी. जिवाला भीती समुद्रात, घरात कसली, असं तिचं मत. अष्टमीच्या सुमारास पाण्याची ओढ ढिली पडते, डोल जाळी फुगत नाहीत, होड्या वाळूवर ओढून ठेवतात. त्या दिवसांत डबा नाही, म्हणून गोळीही नाही. गणूची झापड उतरे, संध्याकाळी तो थोडी ताडी घेई, आणि मॅडमचा शब्द आपण पुरता पाळतो आहोत असं दोघांनाही वाटे.

काही महिने निभावलं. मग एका पौर्णिमेच्या उधाणाला होड्या पुन्हा निघाल्या. डब्यात गोळी होती, गणूने ती घेतलीही होती. तरी सुकाणूवर बसल्या बसल्या तो ताठ झाला आणि पाण्याकडे कलला. पुतळीचा भाऊ सुदाम हाताशी होता. त्याने गणूची गंजी पकडली. गंजी फाटली, पण गणू होडीतच पडला.

दवाखान्यात मॅडमनी विचारलं, गोळी केव्हा केव्हा देता? पुतळीने सगळं सांगितलं, काहीशा अभिमानाने.

"पुतळीताई, ही गोळी डोक्यातली वीज आवरून धरते. रक्तात ती रोज असावी लागते. मधेच तोडली की वीज जास्त जोराने उसळते, आणि एका गोळीने लगेच आवरत नाही."

"म्हणजे घरी गोळी न देऊन मीच त्यांना आजारी पाडत होते?"

"तुम्ही पाणी बघून गोळी दिलीत. आता पाणी बघू नका. ताडीही बंद."

आणि बराच काळ फिट आली नाही, तर मगच समुद्राचं बोलू, असंही त्या म्हणाल्या.

सुकाणू आता सुदामकडे आहे. गणू किनाऱ्यावर जाळी सांधतो आणि होडी परतली की मेहुण्याच्या चुका मोजतो. बोंबील, बाजार आणि गणूचं तोंड, तिन्ही पुतळीने सांभाळायचं. होडी असो नसो, दिवेलागणीला ती हात धुऊन गोळी आणते.

परवा गणू समुद्राकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, "आज ओढ कशी आहे गं?"

"पाण्याचं मला विचारू नका. तोंड उघडा."

त्याने उघडलं. गोळी गिळल्याची खात्री करून ती माझ्या ओट्याच्या पायरीवर येऊन टेकली. वलांडीवरचे बोंबील काढायचे राहिले होते. तरी ती बराच वेळ उठली नाही.